बागेचा ताण आणि माणसाची गोळी

शिरूर

शिरूरला बघण्यासारखं काय आहे, असं शेजारणीनं विचारलं तेव्हा मी "माणसं" म्हणून सांगितलं. तिला वाटलं मी टाळतेय. तसं नव्हतं. माझी उभी हयात मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या विषाणूबरोबर गेली. काचेच्या बशीत तो काय करेल हे मी सांगू शकते. पण तोच विषाणू अंगात घेऊन रोज शेतावर जाणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या माणसाबरोबर मी कधी जेवले नव्हते. आमच्या खात्यात याचं कुणालाच काही वाटत नाही. मलाही फार उशिरा वाटायला लागलं.

निमित्त एका माहितीपत्रकाचं झालं. आम्ही ज्या उपचारावर काम करतो त्याची साध्या मराठीत चार पानं मी लिहिली होती. साहेबांना ती फारच आवडली आणि तिथेच मला शंका आली. साहेबांना कळलं म्हणजे इतर कुणाला कळेलच असं नाही. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच वाचून दाखवू या, म्हणून डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकली.

शिरूरच्या एसटी स्टँडवर सुनंदाताई स्कूटर घेऊन उभी होती. ती वरवंडची, धनगराच्या घरची सून. नवरा याच आजारानं गेला, त्याच्याकडून तो हिला आला. गेली कित्येक वर्षं ती गोळ्यांवर ठणठणीत आहे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत तिच्यासारखी जी माणसं आहेत त्यांच्या गोळ्या चुकत नाहीत ना, तपासण्या वेळेवर होतात ना, हे बघणं हे तिचं काम. एका संस्थेकडून थोडं मानधन मिळतं, पेट्रोल त्यातच.

"म्याडम, तुमी ते हाडातल्या मगजाचं औषध करताय म्हणं," तिनं माझी पिशवी पुढे अडकवता अडकवता विचारलं.

"करायचा प्रयत्न करतोय," मी म्हटलं.

"म्हंजी झालं न्हाई अजून."

"नाही झालं."

"मग बोलताना जरा दमानं बोला. हितं लोकं लई आशेवर बसल्यात."

दुपारी एका खानावळीत जेवलो. पिठलं, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, कच्चा कांदा. मी माणगावची, रायगड जिल्ह्यातली. आमच्याकडे ताट मांडलं की आधी भात. सवयीनं मी भात मागितला. मालकानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू ताटावर बसल्या बसल्या हात धुवायला पाणी मागितलंय. "भात शेवटाला म्याडम," तो म्हणाला, "आधी पोटाला आधार तर होऊ द्या." दोन भाकऱ्यांनंतर भाताला जागाच उरली नाही. इथल्या लोकांचं हेच धोरण असावं.

पाबळ

दुसऱ्या दिवशी सकाळी पाबळला निघालो. डिसेंबरची थंडी, स्कूटरवर मागे बसलेली मी, आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वरून ऊस लोंबतोय, आणि गाणं इतकं मोठ्यानं लावलेलं की हॉर्न कुणाला ऐकू जावा. एका वळणावर एक ऊस सपकन माझ्या गुडघ्याला लागला. सुनंदाताईनं मागे न बघताच विचारलं, "हायसा ना?" मी "आहे" म्हटलं आणि गुडघा चोळत राहिले.

गोळ्या घेणाऱ्या माणसांची बैठक एका रिकाम्या कांदाचाळीत होती. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक फटीफटींची खोली. डिसेंबरात ती मोकळी असते. बैठक सकाळी ठेवायची कारणं दोन. एक, दिवसा वीज असण्याचा संभव. दुसरं, अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असतं, कारण उसात बिबट्या असतो. आमच्याकडे पावसामुळे बैठका मोडतात. बिबट्यामुळे वेळ ठरते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि गावाला काय सांगितलं होतं? तर डाळिंबाचं चर्चासत्र आहे. या भागात कुणी ना कुणी सारखं चर्चासत्र भरवतच असतं, खतवाले, औषधवाले, रोपवाटिकावाले. त्यामुळे पंधरा-वीस माणसं एका चाळीत शिरली, शहरातली एक बाई हातात कागद घेऊन आली, तरी कुणी मान वर करून बघत नाही. युक्ती सुनंदाताईची. मला ती फार आवडली, पुढे तिनंच आमची फजिती केली ती गोष्ट वेगळी.

मी पत्रक बाजूला ठेवून तोंडीच सांगायला लागले. विषाणू आपल्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशींत शिरतो, त्याला पेशीला असलेलं एक दार लागतं. जगात थोडी माणसं अशी आहेत की त्यांच्या पेशींना ते दार जन्मापासूनच नाही. रक्ताचा कर्करोग आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या काही रुग्णांना अशा माणसांचा हाडातला मगज बसवला, आणि दोन्ही आजार गेले. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकीच. तेव्हा लोकांनी विचार केला, दुसऱ्याचा मगज कशाला, ज्याचा त्यालाच द्यावा. म्हणजे माणसाच्या स्वतःच्या मगजातल्या मूळ पेशी, ज्यांपासून सगळं रक्त तयार होतं, त्या काढायच्या. त्यांच्या जीनमध्ये फेरफार करून ते दारच काढून टाकायचं, आणि पेशी परत अंगात सोडायच्या. त्यांच्यापासून जे नवं रक्त तयार होईल त्यात विषाणूला शिरायला वाट कमी.

"मग अडलंय कुठं?" मागून एका बाईनं विचारलं.

पुष्कळ ठिकाणी अडलंय, मी सांगितलं. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून जुना मगज जहाल औषधांनी रिकामा करावा लागतो, कर्करोगाला देतात तसल्या. त्यात माणूस दगावूही शकतो. सगळ्या पेशींची दारं निघत नाहीत. काही विषाणू दुसऱ्याच दारानं येतात. आणि जो विषाणू आधीच पेशींत झोपून राहिलेला असतो तो तसाच राहतो. म्हणून आज तरी हा इलाज नाही. तुमची रोजची एक गोळी हाच इलाज आहे, आणि तो चांगला आहे.

"आन् नवा मगज लागू पडला हे कळतं कसं?" हा प्रश्न पुढे बसलेल्या एका माणसानं विचारला. चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, हाताला माती. त्याला मी इथे भानुदास म्हणते, नाव खरं नाही. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मंगलनं, हे लिहायला मला परवानगी दिली आहे. बायकोनं एका अटीवर दिली, की तिचं बोलणं गाळायचं नाही.

मी म्हटलं, "ज्यांच्यावर प्रयोग करतात त्यांची गोळी काही काळ थांबवून बघतात. डॉक्टरांच्या नजरेखाली, वरचेवर रक्त तपासून. विषाणू डोकं वर काढताना दिसला की गोळी लगेच सुरू."

भानुदास मान हलवत होता. "म्हंजी गोळी आधीपासनं बंद असली तर सोपंच की," तो म्हणाला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चाळीच्या दारात एक पांढरी टोपी दिसली. शेजारच्या मळ्यातले आप्पा होते. चर्चासत्र आहे असं ऐकलं म्हणून आले होते, पायताणं बाहेर काढून, अगदी रीतसर. पुढे येऊन बसले आणि मला म्हणाले, "म्याडम, माझी कळी गळतीय. लई औषधं झाली. तुमचं मत काय?"

मला डाळिंबातलं कळतं ते इतकंच की आत दाणे असतात. सुनंदाताई माझ्याकडे बघतेय, मी सुनंदाताईकडे. इतक्यात भानुदास उठला. "आप्पा, मी सांगतो," म्हणाला, आणि उभ्याउभ्यानं बोलायला लागला.

मला पहिल्यांदा कळलं की डाळिंबाच्या बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाडाला महिना-दीड महिना पाणी द्यायचं नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड उघडंवाघडं होतं. मग छाटणी, खत, आणि पाणी सोडायचं. तसं केलं की झाड एकदम जागं होतं आणि सगळीकडे एका वेळी फूल लागतं. "गच्च हिरवी बाग दिसाया चांगली," भानुदास सांगत होता, "पण ती नुसती पानंच वाढवती. तुमचा ताण कमी पडतोय आप्पा. पाणी तोडताना माणसाचं मन होत न्हाई, म्हणून आपण लवकर सोडतो. धीर धरा." तो बोलत होता आणि चाळीतली सगळी माणसं ऐकत होती, त्यातल्या निम्म्यांच्या बागा होत्या. मलाही ते ऐकायला माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त आवडलं.

आप्पांचं समाधान झालं. पण ते उठेनात. चहा घेतला, दुसरा घेतला, मुंबईत डाळिंबाला काय भाव आहे ते विचारलं. माणसं एकेक करून निघून गेली. माझी चार पानं पिशवीतच राहिली आणि भानुदासचं वाक्य उत्तराविना तिथेच पडून राहिलं. मला ते नंतर आठवलं तेव्हा त्याचीच मोटारसायकल पुढे आणि आमची स्कूटर मागे होती, केंदूरच्या रस्त्याला. त्यानं जेवायला बोलावलं होतं. "बाग बघून घ्या," म्हणाला, "मालकीण शेंगोळी करणार हाय."

केंदूर

त्याची बाग ताणावर होती. पानं पिवळी होऊन खाली पडलेली, जमीन भेगाळलेली, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधाला टाकलेल्या. झाडं इतकी भकास की मला वाटलं बागेला काहीतरी झालंय. भानुदास मात्र खुशीत होता. एक फांदी वाकवून त्यानं तिचे डोळे दाखवले. झाडाच्या सांध्यांवर बारीक फुगीर टिंबं येतात, तिथनं कळी फुटते.

ओळीच्या टोकाला पोचल्यावर तो थांबला. मागे बघितलं. घर लांब होतं.

"म्याडम, मी बी ताण दिलाय," तो म्हणाला.

"किती दिवस झाले पाणी तोडून?" मी विचारलं. मला बागेविषयीच वाटलं.

"बागेचं न्हाई. माझं. गोळी बंद केलीय."

सुनंदाताईच्या हातातली पिशवी खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

त्यानं सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला आपण काही चुकीचं केलंय असं वाटत नव्हतं. मोबाइलवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली होती, परदेशातला एक माणूस मगज बदलून बरा झाल्याची. मग सुनंदाताईनं फोन केला की मुंबईच्या मगजाच्या म्याडम येतायत. त्याच दिवसापासून त्यानं गोळी सोडली. आता तीन आठवडे झाले. "बाग गच्च हिरवी असली की नवं काय धरत न्हाई," तो मला समजावत होता. "माझ्या अंगात इतकी वर्सं गोळी भरल्याली. नवा मगज धरंल का त्यात? म्हणलं आधी अंग मोकळं करावं. आन् तुमीच आज म्हणला की जुना मगज रिकामा करावा लागतो, गोळी थांबवून बघत्यात. मला तर बरं वाटलं, मी पुढचं काम करून ठेवलं म्हणून."

मला राग आला. त्याच्यावर, चित्रफीत पाठवणाऱ्यावर, आप्पांच्या दोन चहांवर. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. म्हटलं, माझ्याकडे तुम्हाला द्यायला काहीही नाही, आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधी असेल ते मला माहीत नाही. गोळी बंद झाली की झोपलेला विषाणू दोन-तीन आठवड्यांत जागा होतो. तुमच्या रक्तात तो आता बहुतेक परत आलाय.

त्यानं ऐकून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते निसटून जात होतं. "तरास काय झाला न्हाई मला," तो म्हणाला. "भूक लागती, काम होतंय."

मी हात टेकले. नजर झाडाकडे वळवली, आणि तेव्हा दिसलं की उघड्या खोडांवर सगळीकडे निळसर पांढरे डाग आहेत. ताजे. मी विचारलं, "हे काय लावलंय?"

"बोर्डो. मोरचूद आन् चुना. फवारलाय परवा."

"पाणी तोडलंय ना तुम्ही? मग फवारा कशाला?"

"अवो, तेल्या हाय ना ह्या बागेला," तो म्हणाला. तेल्या हा डाळिंबाचा रोग, फळावर तेलकट डाग पडतात. "तो एकदा लाकडात शिरला की जात न्हाई. ताण पाण्याचा द्यायचा. फवारा कसा बंद करायचा? ताणात तर जास्तच संभाळावं लागतं, न्हाईतर..."

तो बोलता बोलता थांबला. त्यानं त्या खोडावरून बोट फिरवलं. मग बांधावर बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सुनंदाताई बोलली. तिचा आवाज अगदी हळू होता. "दादा, वैनीला ठावं हाय का?"

"न्हाई."

इथं मला सांगायला हवं की मंगलला आजार नव्हता. लग्नाच्या आधी भानुदासनं तिला आपलं सगळं सांगितलं होतं आणि तिनं विचार करून होकार दिला होता. त्यांचं गणित गोळीवर होतं. गोळी रोज घेतली की रक्तात विषाणू सापडेनासा होतो, आणि तो सापडत नसला की बायकोला लागत नाही. त्याच्या तपासणीत तो बरीच वर्षं सापडत नव्हता. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता मूल होऊ द्यायला हरकत नाही. त्यांची तीच खटपट चालू होती. आणि भानुदासला वाटत होतं की पोर जन्माला यायच्या आत आपण आजारातून मोकळं व्हावं.

"पोराच्या बापानं रोज लपून गोळी खायची, ते मला बरं वाटंना," तो म्हणाला.

"आमी तिला सांगणार न्हाई," सुनंदाताई म्हणाली. "तो आमचा नियम हाय. पण तुमी आज सांगायचं. आमी जायच्या आत."

जेवण म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड जेवण. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाची जाड वळलेली बोटं, लसूण-मिरचीच्या रश्श्यात शिजवलेली. आमच्याकडे त्याच कडधान्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पातळ पिठी करून भातावर घेतात. इतर वेळी मी मंगलला यावर तासभर बोलायला लावलं असतं. त्या दिवशी मी मान खाली घालून खात होते, आणि ती हसून वाढत होती. तिशीची असेल, चटपटीत, बोलकी. "म्याडम, लाजू नका, कोकणातली माणसं लई कमी खात्यात," असं म्हणून तिनं आणखी एक पळी ओतली.

भानुदासच्या ताटात तसंच होतं सगळं.

"तुमाला काय झालं?" तिनं विचारलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. चार वाक्यांत. आमच्यासमोर सांगायला त्याला सोपं गेलं असावं.

मंगलनं पळी पातेल्यात ठेवली. उठून गॅस बंद केला. परत येऊन बसली आणि म्हणाली, "आप्पांची कळी गळती तर आप्पा धा जणांना इचारत हिंडतो. बागेचं पाणी तोडायचं तर तुमी माझ्याबर रोज बोलत होता, आज तोडू का उद्या तोडू. आन् हे मला इचारलं न्हाई."

"तुला बरं वाटंल म्हणून..."

"मला..." ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "म्याडम, मला झाला असंल का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. दुसरं काही बोलणं खोटं झालं असतं. "उद्या तपासायला हवं. आणि घाई करायला हवी, कारण तीन दिवसांच्या आत गेलं तर न होण्यासाठीही औषध देता येतं."

सुनंदाताईनं जवळ सरकून, दोघं शेवटची कधी जवळ आली ते तिला कानात विचारलं. मंगल म्हणाली, "परवा." तिनं मोठ्यानंच सांगितलं. लाजायचं काही कारण तिला त्या वेळी दिसत नव्हतं.

वरवंड

संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. तळेगाव, न्हावरे, मग पारगावचा भीमेवरचा पूल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं मोटारसायकलवर दौंडला येणार होती. गोळ्या तो दौंडहूनच घ्यायचा. शिरूरचा माणूस दौंडला जातो, दौंडचा शिरूरला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. हे सुनंदाताईनं मला उसाच्या धुळीत ओरडून सांगितलं. "सगळ्यात जास्त पेट्रोल लाजंपायी जळतं," असंही म्हणाली.

आम्ही तिच्या घरी मुक्काम केला. तिचे सासरे, आबा, ओट्यावर घोंगडं घेऊन बसले होते. आयुष्यभर मेंढ्या वळल्या, आता चारच राखल्या आहेत, सवय म्हणून. मी माणगावची म्हटल्यावर ते खुलले. दिवाळी झाली की ते कळप घेऊन आमच्याच भागात उतरायचे. शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत व्हायचं, आणि शेतकरी भात द्यायचा. "तुमच्या कोकणात भात लई, आन् डास त्याहून लई," आबा म्हणाले. लहानपणी आमच्या खाचरात येऊन उतरलेल्या मेंढ्या मला आठवतात. त्या माणसांना आम्ही कधी ओट्यावर बसा म्हटलं नव्हतं. इथं मला घोंगडं अंथरून दिलं, हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं प्यायला दिलं.

सुनंदाताई जेवली नाही. चुलीपाशी बसून राहिली. "मीच फोन केला त्याला," ती म्हणाली. "म्याडम येत्यात म्हणून. आनंदानं केला."

"त्यात तुमची चूक नाही," मी म्हटलं.

"चूक म्हणत न्हाई मी. वाईट वाटतंय."

मग तिनं डब्यातून आपली गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. आबांनी ओट्यावरून विचारलं, "घेतलीस का गं?" ती म्हणाली, "घेतली." हे त्या घरात रोज चालत असावं.

दौंड

दौंडच्या दवाखान्यात गर्दी होती. गाड्यांच्या शिट्ट्या थेट आत ऐकू येत होत्या. एमआयडीसीत काम करणारी, हिंदी बोलणारी पोरं, आया, म्हातारे, सगळे एकाच रांगेत. मंगल आणि भानुदास एका बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती रिकामी जागा बघून एक बाई बसायला आली, तेव्हा मंगल सरकली आणि ती बाई दोघांच्या मध्ये बसली.

डॉक्टर तरुण होत्या, आणि कुणालाही ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. भानुदासचं रक्त घेतलं, गोळी आजपासून सुरू करायला सांगितली. किती बिघडलंय ते रक्ताचा निकाल आल्यावर कळेल. मंगलची तपासणी केली. ती निगेटिव्ह आली, दिवसही गेलेले नव्हते. पण इतक्या लवकर त्यावरून खात्री धरता येत नाही, पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, आणि दरम्यान महिनाभर रोज गोळ्या घ्याव्या लागतील, असं डॉक्टरांनी तिला समजावलं.

बाहेर नळाजवळ मंगलनं पाकीट फोडलं. भानुदासनं बाटलीत पाणी भरून आणलं. तिनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, आणि त्याच्या हातात त्याची दिली. "घ्या," म्हणाली. त्यानं घेतली. थोड्या वेळानं तिला मळमळायला लागलं. तो तिची पिशवी धरून उभा राहिला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मोठा, शहाणा, कामसू माणूस. कालच्या चर्चासत्रात त्याच्यासारखं बोलणारं कुणी नव्हतं.

"असंच व्हतं का तुमाला?" तिनं त्याला विचारलं.

"सुरवातीला व्हायचं," तो म्हणाला.

"कवा बोलला न्हाई ते."

दुपारच्या गाडीनं मी मुंबईला निघाले. सुनंदाताई फलाटापर्यंत आली. जाताना मी तिला म्हटलं, पत्रक पुन्हा लिहीन. ती म्हणाली, लिवा.

त्यानंतर

सुनंदाताई अधूनमधून कळवत होती. भानुदासच्या रक्तात विषाणू परत आला होता, मग गोळ्यांनी खाली गेला. औषध अजून लागू पडतंय हे नशीब. मंगलनं महिनाभर गोळ्या एकही न चुकवता घेतल्या. ती त्याच्याशी बोलते का, असं मी विचारलं तर सुनंदाताई म्हणाली, बागेचं बोलती.

उन्हाळा लागता लागता मंगलचा स्वतःचा फोन आला. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात होते.

"शेवटची तपासणी झाली," ती म्हणाली. "न्हाई मला."

मी तिथेच पायरीवर बसले. रडू आलं.

"म्याडम, एक इचारायचं हाय. तुमचं ते मगजाचं औषध. त्यात गोळी बंद करून बघत्यात, असं तुमी म्हणाला होता."

"हो."

"तवा बायकोला इचारत्यात का?"

मी खरं ते सांगितलं. काही ठिकाणी तिला बोलावून समजावतात, धोका सांगतात. सगळीकडे नाही. सही मात्र ज्याच्यावर प्रयोग होतो त्या एकट्याचीच लागते.

"आन् आजार आला तर कुणाच्या अंगात येणार?"

"तिच्या," मी म्हटलं.

"मग तुमचं औषध अजून तयार झालं न्हाई, म्याडम," ती म्हणाली. रागानं नाही, सरळ. आणि फोन न ठेवता माझ्या बोलण्याची वाट बघत राहिली.

"नाही," मी म्हटलं. "नाही झालं."